डावा कान

आर्विड केटोला गेला तेव्हा तळं
पुरतं गोठलंही नव्हतं.

चाळीस वर्षं इंजिनांशी बोलून
त्याचा डावा कान कामातून गेलेला.
गावाला ठाऊक: सांगायचं ते उजवीकडून.
उधारी मागणारी पोरं मात्र
मुद्दाम डावीकडे उभी राहून पुटपुटायची,
आणि तेवढं त्याला बरोब्बर ऐकू यायचं.

कॅनडाकडचा वारा सुटला की
पहाटे तळ्यात भोक पाडून
बर्फाची जाडी मोजायचा,
दुकानाच्या दारावर खडूने लिहायचा.
चार इंचांखाली स्नोमोबाईलची किल्ली
शेरीफच्या लेकालाही नाही.
धाकटा भाऊ त्याच तळ्यात राहिला, म्हणतात.
ते त्याला कुणीच विचारलं नाही,
उजवीकडून तर नाहीच.

चर्चमध्ये आम्ही सगळे
शवपेटीच्या उजव्या अंगाला दाटीवाटीने बसलो.
नवा पाद्री रिकाम्या बाकांकडे बघत राहिला.

आता महिना झाला.
बर्फ हातभर जाड, ट्रक जाईल त्यावरून.
दारावर अजून त्याचं अक्षर: अडीच.
लेम्पी रोज दार पुसते, तेवढं सोडून.
किल्ल्या खिळ्यांवर.
पोरं येतात, काउंटरच्या डावीकडे
जराशी उभी राहतात,
काही न मागता जातात.