सहा वाजताचा हिरवा रस

सायकलला दोन डबे.
डावीकडे बर्फात ठेवलेला रस,
उजवीकडे रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीवर आकडा.
नदी समुद्राला मिळते तिथली जमीन इतकी सपाट
की घंटी वाजायच्या आधीच
लोकांना माझी टोपी दिसते.
"आली, मुताची बाई आली!" लू गेनबाव ओरडतो
आणि एका दमात पेला रिकामा करतो.
ब्रोकोलीचे तीन दिवसांचे कोंब, वर अननस.
मुळ्यासारखं नाकात चढतं, म्हणतो,
डोळे पुसतो, शिवी देतो,
उद्या परत ये म्हणतो.

शेन छ्याओयुन घोट घोट पिते.
उंबऱ्यावर बसून. शेजारी मक्याची कणगी,
अजून अर्धी भरलेली.
आता निवडून घेते, डोळ्यांना दिसतं तितकं.
तेव्हा कोण निवडत होतं?
पिवळट-हिरवी बुरशी, नखानं खरवडली की
पिठासारखी झडायची.
धुवायचं, उन्हात टाकायचं, शिजवायचं.
लापशी गोड लागायची, हे ती दोनदा सांगते.
गोड लागायची.

आधी नवरा, मग दीर,
मग धाकटा, एक्केचाळिसाव्या वर्षी.
तिघेही शेवटी उजव्या बरगडीखाली हात धरून बसायचे,
खिशात काही विसरल्यासारखे.
काळजाला घरं पडली असं लोक म्हणतात.
मी ती घरं पडद्यावर पाहिली आहेत,
काळी, गोल, मोजून सात.

इकडे लाडक्या पोराला सिनगान म्हणतात.
सिन म्हणजे हृदय, गान म्हणजे यकृत,
दोन्ही एका श्वासात.
धाकट्याला ती तशीच हाक मारायची.
नातीला नुसतं सिन म्हणते.

मी पाठ केलेलं सांगते:
रस बुरशी मारत नाही, मावशी.
यकृत म्हणजे रात्रपाळीचा हमाल,
आलेलं विष गाठोड्यात बांधून दाराबाहेर टाकतो.
कोंबांतलं तिखट त्याला हलवून उठवतं, एवढंच.
किती गाठोडी बाहेर पडली,
ते मोजायला ही बाटली.

ती पेला खाली ठेवते.
"माझ्यात तिखट नाहीये."
मी आकडे जुळवत राहते.
अर्ध्या लोकांना कोंब, अर्ध्यांना नुसतं रंगाचं पाणी.
कुणाला काय, ते शहरात एका बंद पाकिटात आहे.
मला माहीत नाही.
माहीत असतं तरी सांगता आलं नसतं.
"गोड लागतं," ती म्हणते,
आणि कणगीकडे बघते.

बारा आठवड्यांतला हा सातवा.
नको असेल तर सोडता येतं, मी म्हणते. तसा कागद आहे.
"कुणीतरी साधं पाणी प्यायलाच हवं ना,
नाहीतर त्या गेनबावचं काय झालं
ते तुम्हाला कळणार कसं?"
उरलेला घोट संपवते, पेला विसळून देते.
मग आत जाते, आणि बराच वेळानं
बाटली आणून देते, झाकण घट्ट लावलेली,
अजून कोमट.

परतताना वारा समोरून.
बाटल्या एकमेकींवर आपटतात.
या मुलखात उतार कुठेच नाही.
पायडल मारतच राहावं लागतं.