मोजणी

माझ्या भाडेकराराच्या सातव्या पानावर
बारीक अक्षरात लिहिलंय
की माझ्या भावानं माझ्याकडे रात्र काढायची नाही.
दिवसा चालेल. जेवला तरी चालेल.
अंधार पडला की तो माझा कुणी नाही.

म्हणून ओझेल माझ्या ब्युइकमध्ये झोपतो,
चार नंबर बिल्डिंगच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांच्या अलीकडे,
गुडघे पोटाशी घेऊन. सहा फूट दोन इंच माणूस.
एकोणीस वर्षं सरकारनं याहून लांब पलंग दिला होता,
असं तोच सांगतो
आणि हसतो, पुढचा दात नसलेलं हसू.

सुटला तेव्हा हातात जाळीची पिशवी होती.
तिच्यात माझी पत्रं,
आईच्या अंत्यविधीचं छापील पत्रक,
त्या दिवशी त्याला येऊ दिलं नव्हतं,
आणि चाळीस डॉलरचा चेक,
जो वटवायला ओळखपत्र लागतं,
जे काढायला पत्ता लागतो,
जो पुन्हा येऊन सातव्या पानावर अडतो.

तिथे भेंडी तोडायचा. तासाला चार सेंट.
घोड्यावर बंदूकवाला,
खाली ओळीनं वाकलेल्या काळ्या पाठी.
आपल्या खापरपणज्यानं हेच रान पाहिलं असणार,
मी एकदा म्हणाले.
त्याला पावती मिळत नव्हती, ओझेल म्हणाला,
मला मिळायची.

त्या भेंडीच्या लवेनं म्हणा, फावड्यानं म्हणा,
बोटांचे ठसे इतके झिजलेत
की गोदामातलं हजेरीचं यंत्र त्याला ओळखेना.
तीन दिवस मुकादमानं हातानं नाव लिहिलं.
चौथ्या दिवशी कागद आले.
कागदांनी बरोबर ओळखलं.

मोकळं असण्याचा हप्ता महिना त्रेसष्ट डॉलर.
चुकला तर परत आत.
तो मी भरते, हॉस्पिटलच्या चादरी धुऊन,
आणि विजेचं बिल पुढच्या महिन्यावर ढकलते.

लाइन अॅव्हेन्यूच्या बसस्टॉपवर बाक आहे,
त्याच्या पाठीवर ग्रँट व्हिटलॉकचा फोटो.
विमा. भरवशाचा माणूस. खाली फोन नंबर.
त्या रात्री गाडी ग्रँटची होती,
पुडी दोघांच्या मधल्या खाचेत होती,
वय दोघांचं एकोणीस.
ग्रँटला शंभर तास पार्कातली पानं गोळा करायला लावली.
ओझेल रोज त्या बाकावर बसतो,
त्या पांढऱ्याशुभ्र दातांना पाठ टेकून.
राग येत नाही का, मी विचारलं.
म्हणाला, बाक बरा आहे, सावली असते.

यावर मी काय बोलणार.
मी गाडी चालू केली.

आणि हे कुणाला सांगितलेलं नाही:
पहाटे चारला आत मोजणी व्हायची.
अजून चारला तो गाडीतून उतरतो,
दाराशी ताठ उभा राहतो,
दोन्ही हात दिसतील असे.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला,
वाटलं, पोलीस.
कुणीच नव्हतं. डब्यापाशी एक मांजर.
पाच मिनिटं, सात मिनिटं
कुणीतरी येऊन आपल्याला मोजावं म्हणून
माझा भाऊ थंडीत उभा.

परवापासून मी स्वयंपाकघरातला दिवा
एकदा लावते, एकदा विझवते.
खिडकीत उभी राहून हळूच म्हणते, एक.
त्याला ऐकू जात नाही.
पण तो मान हलवतो,
आत शिरतो आणि तासभर खरंच झोपतो.

हे बरं करतेय का, ठाऊक नाही.
बहीण आहे की पहारा, तेही नाही.

काल जिन्यात मिस डोरेथा म्हणाली,
व्हर्लीन, तुझा दिवा पहाटे उघडझाप करतो,
वायरिंग गेलं असेल, ऑफिसात सांग,
माणूस पाठवतील बघायला.

म्हटलं, सांगते.