एकोणीसशे पन्नास टप्पे

सहा किलोमीटरचा एक टप्पा.
महामंडळाचं हे एवढंच गणित
अठ्ठावीस वर्षं मी सुपारीसारखं चघळलं.
उदगीर ते लातूर नळेगाववरून किती, निलंग्यावरून किती,
झोपेतून उठवा, सांगतो.

म्हणून जावई मोबाईल बघून म्हणाले,
"हैदराबाद ते ऑकलंड, अकरा हजार सातशे,"
तेव्हा बोटं आपली आपण चालली.
एकोणीसशे पन्नास टप्पे.
बाकी शून्य.

गफारभाई, माझे जुने ड्रायव्हर,
बशीतला चहा फुंकत म्हणाले,
"वाटंत थांबे किती हायेत?"
एक. सिंगापूर.
"एकच? मग जलद म्हणायची की."

पण हे अंतर सरळ रेषेतलं, जावयांनी सांगितलं,
त्या रेषेवरून कुठलंच विमान जात नाही.
शिवलीलाला शाळेत बक्षीस मिळालेला पृथ्वीगोल
मी माळ्यावरून काढला, धूळ पुसली,
दोरा ताणून धरला.
अर्धा समुद्रावर,
मग ऑस्ट्रेलियाच्या पिवळ्या पोटावरून,
मग परत समुद्र.
एकोणीसशे पन्नास टप्पे, आणि चढणारं उतरणारं कुणी नाही.

महानंदाला किलोमीटर नको होते.
"टाईम किती लागतो, ते सांगा."
साडेचार तास. मग सहा तास नुसतं बसायचं. मग दहा.
पातेल्यात विरजण फिरवत ती म्हणाली,
"म्हंजे ह्याचं दही लागून, आंबट होऊन,
कढीला निघंल तवा पोचायल्या."
कुठल्या वेळापत्रकात हे लिहिलेलं नाही.
चूकही काढता येत नाही.

उदगीर ते विमानतळ मात्र मी मोजलं नाही.
क्रूझर जीप, बिदर, जहीराबाद,
तीन राज्यं, दोन उलट्या,
दोन्ही बसवच्या, एक माझ्या धोतरावर.
साडेतीन वर्षांचा.
त्याला म्हटलं, पाच वर्षांखाली तिकीट नाही, बस आरामात.
तो इंग्रजीत काहीतरी बोलला.
शिवलीला म्हणाली, "तिकीट म्हंजे काय, विचारायलाय."

रिटायर होताना जमा करायचा राहिलेला पंच
माझ्या खिशात होता.
टोलची पावती घेऊन एक भोक पाडलं.
टिक.
पोरगं असं हसलं की गफारभाईंनी आरसा वळवून पाहिलं.
अगेन, अगेन.
हा शब्द मला कळला.
शमशाबाद येईस्तोवर पावतीची चाळण झाली होती.

दारावरचा शिपाई तिकीट बघून आत सोडत होता.
अठ्ठावीस वर्षं मी ज्या बाजूला उभा होतो
त्या बाजूला तो.
मी म्हटलं, "स्टाफ आहे," आणि मलाच हसू आलं.
तो नाही हसला.

काचेपलीकडे शिवलीला वळली, बसव खांद्यावर, झोपलेला.
माझा हात वर गेला.
लोकांना वाटलं असेल, म्हातारा टाटा करतोय.
मी दोरी शोधत होतो.

दुसऱ्या रात्री साडेअकराला फोन.
"पोचलो, बाबा. इकडं सहा वाजलेत सकाळचे."
महानंदाने विचारलं, दूध मिळालं का, जेवली का,
आणि मग, आता पुढं कधी?
बघू, म्हणाली. दोन-अडीच वर्षांनी.

मी बोटांवर धरलं.
तोवर बसव सहाचा होईल.
हाफ लागेल.