पावतीवरचं नाव

पावतीवर नाव माझं आहे, ओचान्या अदेजो.
खोली दोनशे सात, खाट चौथी, वरची.
शिक्का जांभळा, जरा वाकडा पडलेला,
पण शिक्का तो शिक्का.

खोली चौघींची.
आम्ही किती होतो ते कधी मोजलं नाही.
सकाळी दाराशी चपला असायच्या एकोणीस,
विसावी कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं.

चिझितेरे आली पहिल्या सत्राच्या तिसऱ्या सोमवारी,
एक सुटकेस, अर्धी गोणी गारी, आणि टॉवेलात लपवलेली शेगडी.
"दोनच आठवडे," म्हणाली.
हार्मटान सुरू झाला, सगळ्यांचे ओठ फुटले,
खिडकीच्या जाळीवर लाल धूळ बसली
आणि तिचा टूथब्रश माझ्या मगात राहायला आला.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं शहाणी माणसं सांगतात.
ती शहाणी माणसं अडीच फुटांच्या फोमवर
दुसऱ्या कुणाच्या टाचांशेजारी डोकं ठेवून
निजलेली नसणार.
तिला झोपेत सेंद्रिय रसायनशास्त्र यायचं,
जागेपणी नाही.
मला तिच्या पायाचा अंगठा
तिच्या चेहऱ्याहून जास्त ओळखीचा.

वीज आली की अख्खी इमारत ओरडायची.
गेली की आपापल्या शिव्या, आपापल्या भाषेत.

मग फेब्रुवारीत छापा.
पहाटे चार. मिसेस एझेउग्वू, टॉर्च, आणि लोखंडावर काठी:
"मालकिणी खाटेवर, उपऱ्या बाहेर!"
कपाटात दोघी शिरल्या, एक न्हाणीघरात,
एकजण उगाच प्रार्थना करायला बसली.
टॉर्च आमच्यावर आला.
"ही खाट कुणाची?"
मी डोळे चोळत होते.
चिझितेरे म्हणाली, "माझी. ओचान्या अदेजो."
आडनावसुद्धा नीट,
ओटुक्पोच्या माणसांसारखा हेल काढून.

पावती माझ्या उशीच्या अभ्र्यात होती.
हात लांब केला असता तर.
मी उतरले. शिडीची तिसरी पायरी सैल आहे,
ती टाळून.

का, ते आजही नीट सांगता येत नाही.
दया नव्हती. दया आली असती तर मला कळलं असतं.
तिच्या तोंडी ते नाव ऐकलं
आणि वाटलं, मी कधी इतक्या खात्रीनं
उच्चारलंय का ते?

पाण्याच्या टाकीखाली आम्ही चाळीस-पन्नासजणी,
चादरी गुंडाळलेल्या, दातावर दात आपटत.
कायदा शिकणाऱ्या एकीनं विचारलं, तूही उपरीच?
मी म्हटलं, हो.
इतकं सोपं होतं.

सकाळी तिनं ओक्पा आणलं, केळीच्या पानातलं, वाफाळतं.
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.
माफी मागितली नाही.
मीही विचारलं नाही. मीठ कमी होतं.

आता मी कॅम्पसबाहेर, ओडेनिग्वेत.
घरमालकानं दोन वर्षांचं भाडं आधी मोजून घेतलं,
वर वकिलाचे पैसे, दलालाचे पैसे,
आणि नासधूस झालीच तर, म्हणून आणखी काही.
विहीर आहे, दोर आपला आणायचा.
शेजाऱ्याचा जनरेटर माझ्या भिंतीला टेकून
रात्रभर खोकतो.
खाट चार फुटी. एकटीची.

तरी सकाळी जाग येते तेव्हा
मी भिंतीला चिकटलेली असते,
आणि उरलेल्या चादरीवर
एकही सुरकुती नसते.

पैसे मोजून झाल्यावर, पावती फाडताना,
त्यानं नाव विचारलं होतं.
ओठांवर होतं, तरी मी क्षणभर थांबले,
आधी दुसरं कुणी सांगतंय का,
ते पाहत.