तीन इंचाचं भोक

एजी ऑफिसातून सुटले, फंडाचे पैसे आले,
तेव्हाच म्हटलं होतं, यंदाचा नौतपा
कूलरच्या भरवशावर काढायचा नाही.

पण ह्यांनी आधी वही काढली.
खोली बारा बाय अकरा, वर गच्ची, पश्चिमेची भिंत;
एक टन की दीड, तीन तारे की पाच,
विजेच्या युनिटचा भाव, भागाकार, हातचे,
आणि खाली दोन रेघा.
पुण्याहून नंदनचा फोन: पाच ताऱ्यांचाच घ्या.
ताऱ्यांचं आम्हाला काय सांगतोस!
गच्चीवर सतरंज्या टाकून
आख्खे सप्तर्षी मोजलेत थाटीपुरात.

शेवटी दीड टन. पांढरा.
दुकानदार म्हणाला, तुमच्याकडे व्होल्टेज नाचतं,
स्टॅबिलायझर लागेल.
वही पुन्हा उघडली.

मंगळवारी हरिओम कुशवाह आला,
खांद्यावर तांब्याच्या नळीचं वेटोळं,
मागे बंटी, हातात ड्रिल, पायात दोन वेगळ्या चपला.
भिंतीवर तळवा फिरवून म्हणाला,
"बहनजी, ये तो पत्थर है."
ग्वाल्हेरचा दगड. दिसतो मऊ, वाळूसारखा,
पण सहजी आत घेत नाही कुणाला,
आमच्या सासरसारखा,
असं म्हणणार होते, पण हे समोरच होते.

पाऊण तास. दोन बिट मोडल्या.
गुलाबी धूळ पलंगावर, फोटोंवर, ह्यांच्या भुवयांवर.
मग ड्रिल एकदम रिकामं फिरलं
आणि भिंतीत उजेड पडला, वाटीएवढा.

बंटी पाणी प्यायला गेला.
मी भोकाला डोळा लावला.

मधे अडीच फुटांची बोळ,
पलीकडे भदौरियांचं स्वयंपाकघर.
टाकीच्या वाहत्या पाण्यावरून नऊ वर्षं
आमचं त्यांचं नुसत्या नमस्तेवर भागतंय.
त्यांची नवी सून रोट्या भाजत होती,
मानेवर ओला टॉवेल,
खिडकीतला टेबलफॅन ज्योत विझते म्हणून बंद.
तिनं वर पाहिलं.
इकडे एक डोळा, तिकडे दोन.
रोटी फुगली. तिनं ती उलटली.

"बाहरवाला यहीं ठोक दें? पाइप भी बचेगा."
तीन मीटर नळी मशीनबरोबर येते,
पुढचा प्रत्येक फूट आपला.
मी विचारलं, गरम हवा कुठे जाते?
हरिओम हसला, हे कुणी विचारत नसावं.
"बाहर."

बाहेर म्हणजे कुठे,
हेच तर पस्तीस वर्षं ऑडिटमध्ये विचारत आले.
एका खात्यातून काढलेला खर्च
दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात बसतोच,
फक्त ते पान कुणी उलटत नाही.

"गच्चीवर लावा."
अकरा फूट जादा नळी, लोखंडी स्टँड वेगळा.
ह्यांनी वही उघडली, माझ्याकडे पाहिलं, मिटली.
ती नोंद वहीत अजून नाही.

रात्री लावला. सव्वीसवर.
दुकानदार म्हणाला होता, आवाजच नाही ह्याला.
खरंच नाही.
बावीस उन्हाळे आम्ही कूलरच्या वर बोलत आलो:
दूध झाकलंस का? काय? दूध!
तसेच हे ओरडले, "झोपलीस का?"
आणि त्या शांततेत ते
ताट पडावं तसं वाजलं.
बराच वेळ दोघंही गप्प.
मग नव्यानं ओळख झालेल्या माणसाच्या आवाजात
म्हणाले, "वाळ्याचा वास नाही येत."
"नाही," मी म्हटलं, तेवढंच हळू.

निचऱ्याची नळी मात्र बोळातच सोडली होती,
ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
सकाळी वाकून पाहिलं:
थेंबाखाली नेमकी ठेवलेली
निळी बादली, भदौरियांची,
तळाशी चार बोटं पाणी.