एक्केचाळीस नंबरची खुंटी

भाडेकरारात एक कलम आहे :
जिन्यालगतच्या खुंट्या काढू नयेत, रंगवू नयेत.
इमारत जुनी, सरकारी यादीतली.
म्हणून आमच्या दारासमोर, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर
पितळी आकड्यांची रांग, चौतीस ते बावन्न.
माझा कोट तिथे लावला तर
खालची अर्धी फरशी पुसून काढतो.

फेब्रुवारीत आलो आम्ही.
एरी सरोवरावरचा वारा टेकडी चढून थेट गळ्यात पडायचा.
दोन खोल्या, हीटर चालू, भाडं झेपणारं,
एवढंच पाहिलं मी.
पूर्वी इथं अनाथाश्रम होता, हे एजंटनं सांगितलं
पार्किंग मागच्या बाजूला आहे
हे सांगावं तसं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी
ऑर्विल क्रेट्झर आला. ऐंशी कधीच ओलांडलेली.
टोपी हातात, बेल न वाजवता उभा.
कचऱ्याच्या डब्यांकडून, मागच्या दारानं आला होता.
अहो, पुढचं दार उघडंच असतं, मी म्हटलं.
‘ते आमच्यासाठी दोनदाच उघडायचं,’ तो म्हणाला.

सिंकपाशी थांबला.
‘ही माझी खाट. डावीकडे लेरॉय, झोपेत दात खायचा.
उजवीकडे…’
आणि बराच वेळ डिशवॉशरकडे बघत राहिला.
आत भांडी घुसळत होती.
नाव काही वर आलं नाही.
‘आठला खाली कुणीतरी बटण दाबायचं,
साठ पोरांची रात्र एकदम.’

टेसा सहा वर्षांची, तिला काय कळतंय.
‘आणि तुझी आई कुठे झोपायची?’
मी डोळे वटारले, उशीर झाला होता.
‘गावातच. ट्रामनं चौथा थांबा.
गुरुवारी माझे पैसे भरायला यायची,
पुढच्या दारानं.
बेल वाजली की आम्हाला वर ऐकू यायची.
कुणाची आई, ते कळायचं नाही.’

मी घेवड्याचं कालवण पुन्हा गॅसवर ठेवलं.
दुसरं काय करणार होते?

एक्केचाळीसवर टेसाचं दप्तर होतं.
त्यानं पट्ट्याला हात लावला, सोडला.
वाकून टोपी चाळीसवर अडकवली.
‘लेरॉयची आहे. तो काही बोलायचा नाही.’
दोन वाट्या जेवला. मीठ मागून घेतलं.

निघताना टेसानं त्याला पुढच्या दारानं नेलं
आणि बाहेर गेल्या गेल्या
काही कारण नसताना बेल दाबली.
तिला तो आवाज आवडतो.
जिन्यातून दोनतीन दारं उघडली.

रात्रपाळीला निघताना गाडी पुसत मी वर बघते.
खिडक्या आपापल्या वेळेला विझतात.
आधी आमची, शेजारीण बसलेली असते टेसापाशी.
तिसऱ्या मजल्यावर मुगिशांचं बाळ, तिथं उजेड कायमचाच.
दुसऱ्यावर एक दिवा गेला,
आणि लगेच परत लागला.
पाणी प्यायचं राहिलं असेल कुणाचं.