शेवटचा एम

तिसरीच्या पटावर अकरा मुलं,
त्यांतली दोन आज काजूच्या बिया वेचायला गेलेली.
फळ्यावर मी नियम लिहिते.

नियम पहिला: क्यू कधी एकटा निघत नाही,
यूचं बोट धरूनच निघतो,
आणि दोघं मिळून 'क्व' म्हणतात.
क्वीन. क्विक. क्वाएट.
मुलं बेडकांसारखी क्व क्व करत सुटतात,
शेजारच्या वर्गातले सर दारातून डोकावून जातात.

नियम दुसरा: एक्स म्हणजे क्स.
बॉक्स, फॉक्स, सिक्स.
नियम तिसरा: एम म्हणजे म. ओठ मिटायचे.
एमबद्दल आजवर कुणाचीच तक्रार नव्हती.

सुलक्षा वेळीप उभी राहते.
बाप कदंबच्या बसवर कंडक्टर,
ती पाट्या वाचत वाचतच इंग्रजीत शिरलेली.
"टीचर, बशीचेर केपें बरयलां.
क्यू, यू, ई, पी, ई, एम.
तातूंत क्व खंय आसा?
आनी एम खंय गेलो?"

मागच्या बाकावरून दिव्येश:
"आनी शेल्डें एक्सान सुरू जाता!"
क्सेल्डें, क्सेल्डें, वर्ग लोळतो हसून.
शाळाच आमची क्सेल्ड्यात.
दोन पाट्यांत माझे तिन्ही नियम आडवे.

मी सांगते, हे पोर्तुगीजांचं लिहिणं, बाळांनो,
त्यांचा एक्स 'श' म्हणायचा.
ते गेले. जनेल राहिलं, मेज राहिलं,
तसा हा एक्सही.
पण एमचं?
(मी पेडण्याची. चाळीस वर्षं फॉर्मांवर
पी ई आर एन ई एम लिहीत आले,
तो एम कधी उच्चारला नाही,
का लिहिते तेही कुणाला विचारलं नाही.)
म्हटलं, सायलेंट असतो. नाईफमधल्या केसारखा.
सायलेंट म्हणजे, पुढचं विचारू नका.

सुलक्षा बसली नाही.
हळूच म्हणाली, केपें.
मग नाक चिमटीत धरून पुन्हा म्हणाली
आणि शब्द आतच अडकला.
झालं, नऊ जणांनी नाकं धरली:
शेल्डें, सांगें, तळें, बरें.
धरलं की बुजतं, सोडलं की घुमतं.
"टीचर, तो एम न्हय! तो तिबो!"

टिंब. डोक्यावरचं.
कुणा परक्या कारकुनाला
ते वर ठेवायला जागा सापडली नसेल,
म्हणून त्यानं शब्दाच्या शेवटी उभं केलं
तीन पायांवर.

वडिलांची जुनी वही आठवली.
झालें, गेलें, पत्र पावलें,
प्रत्येक ओळीवर मोहरी सांडल्यासारखी टिंबं.
ती आपण पुसून टाकली, नियम करून.
आणि इथली पोरं अजून घरच्या सवयीनं
मराठीच्या पेपरात 'केलें' लिहितात,
त्यांचा अर्धा अर्धा गुण
मीच कापत आले.

शुक्रवारी डिक्टेशन होतं. दहावा शब्द थंब, अंगठा.
शेवटचा बी गप्प असतो,
हे तीनदा सांगून ठेवलेलं.
सुलक्षाच्या वहीत:
टी, एच, यू, बी.
मध्ये एम नाही.
यूच्या डोक्यावर एक टिंब,
पेन्सिल दाबून, गोल.

लाल पेन उघडून बसले आहे.
चूक आहे, चूकच आहे.
बाहेर तीन चाळीसची बस लागली,
वेळीप दारात लटकून हाका घालतोय,
केपें, केपें, केपेंऽऽ,
शेवटचं अक्षर नाकातून लांबवत,
पाटीकडे न बघता.